दोन पातेली आणि कडेवरचं भावंड

‘तोत्तोचान’ वाचलेल्या कुणालाही त्यातलं काय आठवतं ते विचारून पाहावं. रेल्वेच्या डब्यांत भरणारे वर्ग आठवतात. पहिल्याच भेटीत चार तास एका लहान मुलीची बडबड ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक आठवतात. जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं असावं, हा त्यांचा नियमही आठवतो. पालकसभांमधून तो आजही सांगितला जातो. पण जेवणाच्या वेळी मुख्याध्यापकांच्या मागून दोन हातांत दोन पातेली घेऊन फिरणारी बाई क्वचितच कुणाला आठवते. ती त्यांची बायको. एका पातेल्यात समुद्र, दुसऱ्यात डोंगर. ज्या मुलाच्या डब्यात एखादी गोष्ट नसेल, त्याच्यापाशी मुख्याध्यापक थांबून नुसतं ‘समुद्र’ म्हणायचे आणि ती एका पातेल्यातून वाढायची. मला स्वतःला ती तिसऱ्या वाचनात दिसली. तोवर मीही डब्याच्या नियमावरच खूश होतो.

तो नियम चालला तो या पातेल्यांमुळे. सकाळी कुणीतरी उठून ती शिजवली होती, म्हणून एकाही मुलाला आपला डबा अपुरा असल्याची लाज वाटली नाही. तेत्सुको कुरोयानागींनी ती बाई पुस्तकात आणली, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. वाचक म्हणून आपण तिला वगळलं. चेतना सरदेशमुख गोसावींच्या सुरेख अनुवादामुळे हे पुस्तक मराठीत घराघरांत गेलं, त्यावर भाषणं झाली, शिबिरं झाली. त्या सगळ्यात कोबायाशींची दृष्टी आली, डबे आले, पातेली आली नाहीत.

बालशिक्षण आणि बालसंगोपन या विषयावर मराठीत चांगलं वाचायला मिळतं. या कपाटाबद्दल माझी तक्रार एकच आहे आणि ती पातेल्यांची आहे. आपल्याकडे लहान मुलाच्या बाबतीत दोन शब्द आहेत, संस्कार आणि सांभाळ. संस्कारावर आपण ग्रंथ लिहिले. सांभाळाबद्दल ‘पोरं सांभाळली की झालं’ एवढंच म्हणतो. संस्कार करणाऱ्या व्यक्तीला नाव असतं, तिचा फोटो भिंतीवर लागतो. सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा मोठी बहीण, आजी, कामाची बाई किंवा अंगणवाडीची मदतनीस असते. खरं तर मूल तीन वर्षांचं होईपर्यंत या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. भरवताना बोललेलं बोलणं हीच भाषा, आणि ढुंगण धुताना दिलेली किंवा न दिलेली शिवी हाच संस्कार.

‘श्यामची आई’तला तळव्यांचा प्रसंग पाहा. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई लुगड्याचे ओचे पसरून देते. त्यावर ती जे बोलते ते महाराष्ट्राला पाठ आहे. पण ते बोलण्याआधी तिने त्याला घासून न्हाऊ घातलेलं असतं, आणि नंतर ते लुगडं तिलाच धुवायचं असतं. साने गुरुजींना हे कष्ट दिसत नव्हते असं मुळीच नाही. त्यांच्या इतकं आईचं राबणं डोळ्यांत पाणी आणून पाहणारा लेखक मराठीत दुसरा नाही. पण त्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे राबण्याचं रूपांतर लगेच पुण्याईत होतं. पुण्याईबद्दल कृतज्ञ राहायचं असतं; तिचे तास मोजायचे नसतात, आणि त्यातलं निम्मं काम वडिलांनी का केलं नाही हेही विचारायचं नसतं. १९३५ साली आलेल्या या पुस्तकाने मराठी आईची जी मूर्ती घडवली, ती अजून प्रत्येक पालकत्वाच्या लेखात मागे उभी असते. मग लेखात मेंदूविज्ञान का असेना.

गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वेगळ्या जातीचं पुस्तक आहे. त्यातल्या लक्ष्मीराम मास्तरांना चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मिळतो आणि ते गोष्टी, खेळ, वाचनालय यांतून तो वर्ग पालटून टाकतात. मुलांची नखं, टोप्या, कपडे यांच्या स्वच्छतेचा प्रश्न येतो तेव्हा मास्तर पालकांना बोलावतात. येतात मोजकेच. पुस्तक इथे थोडं हसतं, थोडं चिडतं आणि पुढे जातं. न आलेले पालक त्या वेळी कुठे होते, हा प्रश्न त्याला पडत नाही. गिजुभाईंना लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. पुरुषाने मुलांत रमणं ही त्या काळी एवढी नवलाची गोष्ट होती की त्यासाठी पदवी तयार करावी लागली. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत त्यांच्याबरोबर तेच काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना अशी पदवी कुणी दिली नाही. बाईने मुलांत रमण्यात नवल ते काय!

ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्याकडे मला जरा थांबून पाहायचं आहे. कारण या कपाटात पातेल्यांपासून सुरुवात करणारं काम त्यांचं आहे, आणि अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आपण चुकीच्या तऱ्हेने वाचत आलो आहोत असं मला वाटतं. आपण ते त्यागाची गाथा म्हणून वाचतो. बालविधवा, शहरातल्या शाळेतली नोकरी सोडून आदिवासी भागात गेलेली, आयुष्य वाहून टाकलेली. यात खोटं काही नाही. पण अशा वाचनात अनुताईंची बुद्धी हरवते. त्यांचं मोठेपण त्यागापेक्षा निरीक्षणात आहे. त्यांनी आणि ताराबाईंनी दर वेळी एकच प्रश्न विचारला, मूल येत का नाही? आणि उत्तर मिळेल तसा शाळेचा आकार बदलला.

ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा केला, दादरला शिशुविहार चालवलं. माँटेसरीच्या पद्धतीचं साहित्य महाग, गरिबांच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा बिया, खडे, शिंपले यांवर काम भागवता येईल का, हा विचार त्यांच्या डोक्यात होता. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई त्यांना तिथे मिळाल्या आणि खेड्यातल्या बालशिक्षणाचं केंद्र सुरू झालं. बालवाडी उघडली तरी त्या काळच्या भाषेतल्या हरिजनवाड्यातली मुलं तिथवर येईनात. घरचं कुणी आणून सोडायला मोकळं नव्हतं आणि गावाच्या मधून त्या मुलांनी जाणं हेही सोपं नव्हतं. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना गोळा करायचं, न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी-गोष्टी. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून आला. आज तो सरकारी पाटीवर इतका गुळगुळीत झालाय की त्यातलं अंगण दिसत नाही. मूल शाळेत येणार नसेल तर मोठ्या माणसाने चालत मुलाकडे जायचं, एवढा त्या शब्दाचा अर्थ होता.

पुढे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांच्या शेजारी. तिथे नवा अडसर निघाला. शाळेच्या वयाच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर भावंड होतं. आई-बाप मजुरीला गेले की दीड-दोन वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलीकडे. ती शाळेत आली तर मूल कुठे ठेवणार? आणि मुलाला घेऊन आली तर वर्गात ते रडणार. आजच्या कुठल्याही योजनेत या मुलीची नोंद ‘शाळाबाह्य’ म्हणून झाली असती आणि पालकांचं ‘प्रबोधन’ सुरू झालं असतं. कोसबाडला विकासवाडी नावाची गोष्ट आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकाच वेळी. मुलीने यावं, कडेवरचं पाळणाघरात द्यावं, चार वर्षांचं बालवाडीत सोडावं आणि आपण वर्गात बसावं. मधल्या सुट्टीत भावंडाला बघून यावं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली आणि दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

शिक्षणशास्त्रात आज ज्याला काळजी आणि शिक्षण यांचं एकात्मीकरण म्हणतात, ते इथे एका मुलीची कंबर मोकळी करण्यासाठी झालं. लहान मुलाचं शिक्षण हा त्या मुलाचा एकट्याचा प्रश्न नसतो. त्याला कुणी उचललंय, त्या माणसाचाही असतो, हे विकासवाडीला कळलं होतं. मराठीतल्या बालशिक्षणाच्या चर्चेत हे कलम जवळजवळ सापडत नाही. आपण कोसबाडहून गाणी घेतली, साहित्य घेतलं, ‘अंगणवाडी’ हा शब्द घेतला. पाळणा तिथेच राहिला.

इथे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’बद्दलचा माझा आक्षेपही मांडतो. नुसती आरती ओवाळली तर ही समीक्षा होणार नाही. हे पुस्तक गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’शेजारी ठेवून वाचायला हवं. प्रदेश तोच, लोक तेच, साल तेच. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, अशी लग्नगड्याची चाल होती. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीला बालवाडी सुरू होते. दोन्ही पुस्तकांतल्या बाया शहरातून आलेल्या, मध्यमवर्गीय, शिकलेल्या आणि विलक्षण चिवट. पण परुळेकर विचारतात, हा माणूस रात्रंदिवस का राबतोय? अनुताई विचारतात, तो राबत असताना त्याचं मूल कुठे आहे? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा लहान नाही आणि परुळेकरांच्या पुस्तकात तो जवळजवळ नाही. पण पहिला वगळून दुसऱ्याचं उत्तर अर्धंच राहतं. कुरणशाळा ही सुंदर कल्पना आहे. शिक्षक कुरणात जातो, मुलं गुरांवर लक्ष ठेवत शिकतात. ती गुरं कुणाची होती, हे मात्र कुरणशाळेच्या कल्पनेत येत नाही. पोराच्या कामाच्या वेळेशी शाळेने जुळवून घेतलं, हे शाळेचं मोठेपण. ते काम पोराकडे आलंच कसं, हा प्रश्न सेवेच्या भाषेत मावत नाही.

ही सेवेची भाषा हाच या परंपरेचा कच्चा दुवा आहे. अनुताई स्वतःच्या थकव्याबद्दल बोलतात तेव्हाही तो थकवा लगेच धन्यतेत विरघळतो. त्या पिढीला हे शोभत होतं. त्यांनी स्वखुशीने हे आयुष्य निवडलं होतं आणि त्यांचा मान समाजाने, सरकारने राखला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, अंगणवाडी देशभर गेली, आणि दोन बायकांनी निवडलेली ही भाषा लाखो बायकांवर लादली गेली. काम करणारी ‘सेविका’, तिच्या हाताखालची ‘मदतनीस’ आणि दोघींना मिळणारं ते ‘मानधन’. मराठी भाषेने कामगार स्त्रीला फसवण्यासाठी यापेक्षा गोड शब्द क्वचितच तयार केले असतील. वक्त्याला श्रीफळाबरोबर देतात ते मानधन. रोज सकाळी कुलूप उघडून, झाडून, खिचडी शिजवून, मुलांना घरोघरी जाऊन गोळा करून, वजनं घेऊन, गाणी म्हणून, दुपारी गृहभेटी करून मग मोबाइलवर माहिती भरणाऱ्या बाईला जे मिळतं त्याला पगार म्हणतात.

शब्दांवर मी उगाच अडून बसलोय असं वाटेल, पण या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं आहे. २००६च्या डिसेंबरात न्यायालयाने म्हटलं, अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. तो निकाल मला साहित्याच्या विद्यार्थ्यानेही वाचावा असा वाटतो. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांनी तिथे शब्द सोलून काढले आहेत. मानधन म्हणा नाहीतर काही म्हणा, ते वेतनच आहे; अंगणवाडी ही आस्थापना आहे; आणि एवढ्या कामाला अर्धवेळ म्हणता येणार नाही. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण चालतं, हाही त्या युक्तिवादातला एक दुवा आहे. म्हणजे सांभाळणारी बाई शिकवतेही, हे कायद्याने कबूल केलं. आमच्या समीक्षेने अजून केलेलं नाही.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२३ मध्ये संपानंतर सेविकेचं मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० झालं आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा संप झाला आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. त्या काळात वर्तमानपत्रांत काळजीचे सूर उमटले, बालकांच्या पोषणाचं काय होणार? रास्तच काळजी. पण एक गंमत पाहा. एरवी जिचं काम ‘फक्त खिचडी वाटणं’ आहे असं आपण म्हणतो, ती पन्नास दिवस घरी बसली की अख्ख्या पिढीचं पोषण धोक्यात येतं.

ताराबाईंकडे परत येतो, कारण सांभाळाचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरातही होता. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा प्रेमविवाह झाला, तो मोडला. पदरी एक मुलगी, प्रभा. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावरून त्या भावनगरला गेल्या. रत्नाकर मतकरींनी ताराबाईंच्या आयुष्यावरून ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिलं. नाटकाचं शीर्षकच आरोपपत्र आहे. घर तिघांचं असावं, इथे ते नव्हतं. जगाच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मुलीचं काय, या प्रश्नातलं नाट्य मतकरींनी बरोबर हेरलं, आणि तो प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मूल एकटं पडतं तेव्हा ते कुणाच्या थोर कामामुळे पडलं याने त्याला फरक पडत नाही. मला खटकतं ते एवढंच की हा प्रश्न नेहमी एकाच बाजूला विचारला जातो. मिशीवाल्या आईच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, यावर नाटक झालेलं नाही. समाजसुधारकांच्या चरित्रांत ‘घरच्या आघाडीवर पत्नीने समर्थ साथ दिली’ असं एक वाक्य असतं आणि त्या वाक्यात सगळं बालसंगोपन उरकतं. बाईच्या चरित्रात तेच वाक्य लिहिता येत नाही, म्हणून तिथे तीन अंकी शोकांतिका लागते.

आणि ‘तिघांचं’ हा आकडा तरी कुठून आला? आई-बाप-मूल हे त्रिकोणी घर शहरी मध्यमवर्गाचं, तेही अलीकडचं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई यांनी मिळून जे घर चालवलं, ते कुठल्याच आकड्यात बसत नाही. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. त्या काळच्या कुटुंबाने ज्यांना कडेला टाकलं होतं, त्या दोघींनी कुटुंबाच्या आत काय कमी पडतं ते ओळखलं. यावर कुणी लिहायला हवं, चरित्र नको, निबंध हवा. मी इथे नुसता बोट दाखवून पुढे जातोय.

पुढे जायचं कारण असं की विकासवाडीची ती मुलगी अजून कडेवर मूल घेऊन उभी आहे, फक्त टेकडीवरून खाली उसाच्या फडात आली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. मजुरीचं एकक म्हणजे एक कोयता, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती दोघांनी मिळून फेडायची. लग्नगड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पहाटे अंधारात दोघं फडावर जातात. तान्हं मूल असेल तर ते पाचटावर झोपवायचं किंवा कोपीवर मागे ठेवायचं, आणि कोपीवर ठेवायचं म्हणजे मोठ्या मुलीपाशी. ती मुलगी म्हणजे कोसबाडचीच मुलगी.

तिच्यासाठी साखरशाळा निघाल्या. चांगल्या हेतूने निघाल्या, काही ठिकाणी चांगल्या चाललेल्याही आहेत. पण शाळा तिच्यासाठी होती, कडेवरच्यासाठी नव्हती. आणि अंगणवाडी? अंगणवाडी कागदावर जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची आहे. प्रत्यक्षात तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे काही तास बसतात. तीन वर्षांखालच्यांचा आहार पाकिटातून घरी जातो, मूल घरीच असतं. घर म्हणजे कुणाजवळ, याची नोंद होत नाही. म्हणजे ज्या वयात सांभाळ सगळ्यात जास्त लागतो, त्या वयात योजना पाकीट देते आणि सांभाळ गृहीत धरते. २०२२ पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढण्याची योजना केंद्राने आखली आहे. शब्द तरी परत आला! त्याआधी, २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. फडात पन्नासाहून जास्त माणसं राबत असतात, पण त्यांचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना.

नवं शिक्षण धोरण, २०२०चं, तीन ते आठ वर्षांचा टप्पा ‘पायाभूत’ म्हणतं. या वयावर एवढं लक्ष पहिल्यांदाच गेलं, ही मोठी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला त्याचा अभ्यासक्रम आराखडा वाचायला छान आहे. त्यात खेळ आहे, गोष्टी आहेत, मातृभाषा आहे, गिजुभाई आणि ताराबाईंना आवडलं असतं असं बरंच आहे. पण धोरण तीनपासून मोजायला लागतं. त्यामुळे पालकत्वावरच्या मराठी लेखनाची आणि या धोरणाची एक गाठ आपोआप पडली आहे. तीनच्या आतलं मूल म्हणजे घरचा मामला. घर ही पहिली शाळा, आई हा पहिला गुरू. मग लेखक आईला सांगतो, रोज अर्धा तास मुलाशी बोला, गोष्ट वाचून दाखवा, स्क्रीन दूर ठेवा. सल्ला शंभर टक्के बरोबर. फक्त तो अर्धा तास तिला मिळावा म्हणून पातेली कोण घासणार, हे त्या लेखात कधीच नसतं. ‘पालक’ या शब्दाने हे अंतर फार सफाईने झाकलं जातं. त्याला लिंग नाही, घड्याळ नाही, मजुरी नाही.

मला ज्या पुस्तकाची वाट आहे ते एखाद्या मदतनिसाने लिहिलेलं असेल. सेविकांच्या तोंडून थोडंफार आता छापून येतं. संपाच्या वेळी येतं, पुरस्काराच्या वेळी येतं. मदतनिसाचं कुठेच येत नाही. पोरं गोळा करायला सकाळी ती वस्तीवर जाते. कुठलं मूल कुणाच्या कडेवर आहे, कुठली मुलगी शाळेच्या वेळेला चूल फुंकतेय, कुठल्या घराला सहा महिने कुलूप लागणार आहे, हे गावात तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दिवाळीनंतर ट्रक भरून जातात तेव्हा पटावरची नावं तशीच राहतात. ती मुलं या आठवड्यात कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहेत, हे विचारायची तिला सवय असते. विचारते, कुणीतरी फोनवर सांगतं, आणि ते लिहून ठेवायला तिच्या वहीत रकाना नसतो.